व्यावसायिक संकेतस्थळ : नियोजन आणि प्रसिद्धी

व्यवसायाची ओळख, माल, दर आणि संपर्क ग्राहकापर्यंत पोचवण्यासाठी किंवा थेट विक्रीसाठी स्वतःच्या नावाने इंटरनेटवर उभारलेले स्थळ म्हणजे व्यावसायिक संकेतस्थळ. रोजच्या बोलण्यात त्याला वेबसाइटच म्हणतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे पान किंवा ॲमेझॉन-फ्लिपकार्टवरचे दुकान यांपेक्षा ते वेगळे असते. तिथे नियम, शुल्क आणि ग्राहकांची माहिती दुसऱ्याच्या हातात असते, वेबसाइटवर ती मालकाकडे राहते. आधी साइट बनवायची आणि मग ती ‘गूगलवर आणायची’ अशी दोन वेगळी कामे मानण्याची पद्धत सर्रास दिसते. ती व्यवसायाला महागात पडते, कारण साइटवर कोणती पाने असतील हे ठरते तेव्हाच तिची निम्मी प्रसिद्धी ठरून गेलेली असते.

वर्ल्ड वाइड वेबची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भारतात विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट देऊ केले. १९९८ मध्ये गूगल आले आणि एखाद्या पानाकडे इतर किती व कोणती पाने बोट दाखवतात यावरून त्याचे वजन ठरू लागले. २००३ मध्ये वर्डप्रेस हे साइट बनवण्याचे विनामूल्य सॉफ्टवेअर आल्यावर साइट उभारणे छोट्या व्यावसायिकाच्याही आवाक्यात आले. मराठी साइटींची अडचण मात्र निराळी होती. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांवर अक्षरे सारखीच दिसतील अशी सामाईक संकेतपद्धत, रुळेपर्यंत मराठी मजकूर ठरावीक फाँटमध्ये टंकित होई. तो फाँट संगणकावर नसेल तर पडद्यावर निरर्थक अक्षरे दिसत आणि शोधातही काही सापडत नसे. आज ही अडचण उरलेली नाही, तरी छापील पत्रकाचा फोटो साइटवर चिकटवण्याची सवय टिकून आहे. फोटोतला मजकूर शोधात सापडेल याची खात्री नसते आणि अंध ग्राहकाला पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही तो सहसा नीट वाचता येत नाही.

नियोजनाची सुरुवात रंग आणि लोगोपासून न करता ग्राहक फोनवर काय विचारतात याची यादी करून करावी. देवगड किंवा रत्नागिरीहून हापूस घरपोच पाठवणारा बागायतदार घेऊ. त्याला येणारे प्रश्न ठरलेले असतात. पेटी किती डझनांची? फळ केवढे? आंबा कच्चा येणार की तयार? अढीत पिकवलेला की पावडर लावलेला? पुण्याला किती दिवसांत पोचेल? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न, कापल्यावर साका निघाला तर? साका म्हणजे गराचा पांढरट, स्पंजासारखा बिघडलेला भाग. तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे तो विक्रेत्यालाही आधी कळत नाही. या एका प्रश्नाचे सरळ उत्तर, म्हणजे फोटो पाठवल्यावर पैसे परत मिळतील की बदली फळ आणि ते किती दिवसांत, ज्या पानावर लिहिलेले असते त्या पानावर ग्राहकाचा विश्वास बसतो. ‘आम्ही दर्जेदार आंबे पुरवतो’ हे वाक्य प्रत्येक साइटवर असते आणि त्यातून कोणाला काहीच कळत नाही. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावण्याचा कायदेशीर हक्क, मिळाले. कर्नाटकाचा आंबा कोकणच्या नावावर खपवला जाण्याच्या काळात मानांकनाचा नोंदणी क्रमांक पहिल्याच पानावर, डोळ्यांना दिसेल असा हवा.

असे प्रत्येक उत्तर हेच शोधात सापडणारे पान होते. लोक ‘देवगड हापूस पेटी किंमत’ असे देवनागरीत शोधतात, रोमन लिपीत शोधतात, ‘हापुस’ असे ऱ्हस्वही लिहितात. म्हणून मराठी आणि इंग्रजी पाने वेगवेगळी ठेवून त्यांचा एकमेकांशी दुवा (लिंक) असावा. एकाच पानावर दोन्ही भाषांची खिचडी केली की दोन्हीकडचे वाचक दुरावतात. हंगामी मालात वेळही महत्त्वाची असते. मार्चमध्ये टाकलेले नवे पान शोधात वर येईपर्यंत हंगाम निम्मा सरलेला असू शकतो. ते मोहोराच्या दिवसांतच तयार हवे आणि हंगाम संपल्यावर काढून टाकू नये. दरवर्षी त्याच पत्त्यावर दर बदलावेत आणि पावसाळ्यात तिथे पुढच्या वर्षीची नोंदणी घ्यावी. दरसाल नवे पान काढले तर जुन्या पानाला मिळालेले दुवे आणि पत पुन्हा शून्यावर येते.

साइटचा पत्ता, म्हणजे डोमेन नाव, छोटे आणि फोनवर सांगता येईल असे असावे. ‘डॉट कॉम’खेरीज ‘डॉट इन’ मिळते, आणि २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ही मिळते. नाव कोणतेही असो, त्याची नोंदणी व्यवसायाच्या नावावर आणि मालकाच्या ईमेलवरच हवी. साइट बनवणारा मुलगा स्वतःच्या खात्यातून डोमेन घेतो, पुढे तो नोकरीला लागतो, नंबर बदलतो, नूतनीकरणाची तारीख उलटते, आणि पेटीवर, बिलावर, टेम्पोवर रंगवलेला पत्ता हातातून जातो. यात वाईट हेतू असतोच असे नाही, पण नुकसान तेवढेच होते. डोमेन, होस्टिंग (साइट ठेवण्यासाठी भाड्याने घेतलेली सर्व्हरवरची जागा) आणि गूगलची खाती यांचे पासवर्ड मालकाकडे असणे ही कराराची पहिली अट असावी.

बहुतेक ग्राहक साइट मोबाईलवर पाहतात. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, असे गूगलचे मापक आहे. कॅमेऱ्यातून काढलेला फोटो जसाच्या तसा चढवला की हे गणित कोलमडते, म्हणून तो आधी लहान करून घ्यावा.

कायद्याची बाजूही पानांतच बसवावी लागते. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्री करणाऱ्याने कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव साइटवर द्यावे लागते. तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. खाद्यपदार्थ असल्यास अन्न परवान्याचा क्रमांकही लागतो.

प्रसिद्धीत सर्वाधिक दुर्लक्षित आणि फुकट साधन म्हणजे गूगल नकाशावरची व्यवसायाची नोंद. तिथले नाव, पत्ता आणि फोन साइटवरच्यासारखेच असावेत. ‘जवळपास’ म्हणून शोधणाऱ्याला आधी तीच दिसते. परीक्षणे खऱ्या ग्राहकांकडूनच मागावीत. विकतचे दुवे आणि विकतची परीक्षणे यांचा मोह टाळावा, कारण विकतच्या दुव्यांच्या जोरावर वर गेलेल्या साइटी शोधाच्या क्रमवारीत केलेल्या २०१२ च्या ‘पेंग्विन’ बदलात गूगलने खाली ढकलल्या होत्या. त्यापेक्षा कृषिविषयक अंकात आपल्या बागेवर आलेला लेख किंवा एखाद्या खाद्यलेखिकेने दिलेला दुवा कितीतरी अधिक मोलाचा असतो.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातीत शोधशब्दांचा लिलाव होतो आणि सहसा प्रत्येक क्लिकचे पैसे मोजावे लागतात. खर्चाची मर्यादा आधी काढावी. समजा, पेटीमागे ४०० रुपये सुटतात आणि १०० जण साइटवर आले की दोघे पेटी घेतात. मग १०० क्लिकांवर ८०० रुपये, म्हणजे क्लिकमागे ८ रुपये गेले तर सगळा नफा जाहिरातीतच संपतो. हा हिशेब न करता ‘रोज ५०० रुपये लाव’ असे सांगणाऱ्याच्या हाती खाते देऊ नये.

महाराष्ट्रातल्या छोट्या व्यवसायांत खरी ऑर्डर बहुधा व्हॉट्सॲपवर पडते. तेव्हा व्हॉट्सॲपचे बटण प्रत्येक पानावर द्यावे आणि त्यातून जाणाऱ्या संदेशात पानाचे नाव आपोआप येईल असे करावे, म्हणजे ऑर्डर कुठल्या पानावरून आली ते कळते. साइटला किती जणांनी भेट दिली या आकड्याने मालक सुखावतो, पण वहीत नोंदवायचा आकडा ऑर्डरींचा. हंगाम संपल्यावर गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या विनामूल्य साधनात लोकांनी कोणते शब्द वापरून साइट गाठली हे पाहावे. त्यात ज्या प्रश्नांची उत्तरे साइटवर नाहीत असे प्रश्न हमखास सापडतात, आणि पुढच्या मोहोराआधी लिहायची पाने त्यांतूनच ठरतात.