पाच कोटी नोंदींतून वीस घरे

पुण्यात जून-जुलैमध्ये कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की भाड्याच्या घरांची शोधाशोध वाढते, आणि हल्ली ती दलालाच्या दारी कमी आणि वेबसाइटवर अधिक होते. समजा, अशा एखाद्या देशव्यापी वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये नव्या-जुन्या मिळून पाच कोटी जाहिराती आहेत आणि कोणी विचारले आहे की कोथरूडमध्ये, दोन बेडरूमचे, पंचवीस हजारांपर्यंत भाड्याचे घर हवे, ताज्या जाहिराती आधी दाखवा. पडद्यावर फक्त वीस जाहिराती यायच्या आहेत. प्रश्न असा की त्या वीस हुडकण्यासाठी उरलेल्यांपैकी किती वाचाव्या लागतात.

एका जाहिरातीची नोंद सरासरी ४०० बाइटची धरली, तर सगळा तक्ता २० जीबीचा होतो. फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला साधारण २०० एमबी देते, म्हणजे तक्ता वरपासून खालपर्यंत एकदा चाळायला १०० सेकंद लागतील. सेकंदाला ३ जीबी वाचणारी वेगवान डिस्क बसवली तरी सुमारे सात सेकंद लागतातच, आणि तेही एका माणसाच्या एका प्रश्नापुरते. त्याच क्षणी आणखी दोनशे जण शोधत असतील तर रांग लागते. वेबसाइट मंदावली की नवा सर्व्हर मागवण्याची घाई अनेक ठिकाणी होते, पण माझ्या मते त्याआधी वाचन कमी कसे करता येईल हे पाहणे नेहमीच स्वस्त पडते.

वाचन कमी करण्याचे मुख्य साधन म्हणजे इंडेक्स, म्हणजे कोणती नोंद कुठे आहे हे सांगणारी, क्रमाने लावलेली वेगळी सूची, आणि बहुतेक डेटाबेसांत त्याची रचना बी-ट्री या प्रकारची असते. बोइंग कंपनीच्या संशोधन विभागात काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी ती मांडली. त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यासमोरची अडचण डिस्कची होती. नोंदी क्रमाने लावून दर पायरीला निम्म्या बाद करत गेले, तर पाच कोटींतून एक नोंद शोधायला २६ पायऱ्या लागतात. मेमरीत हे क्षणात होते, परंतु फिरत्या डिस्कवर प्रत्येक पायरीसाठी वाचक-सुई हलवावी लागली तर प्रत्येकी दहा मिलिसेकंद धरून पाव सेकंद तिथेच जातो. डिस्क एका वेळी एक बाइट वाचत नाही, आख्खे पान वाचते. मायएसक्यूएल या प्रचलित डेटाबेसमध्ये ते पान सामान्यतः १६ केबीचे असते. मग त्या पानावर दोनच वाटा का ठेवायच्या? पुढे कुठे जायचे ते सांगणारी तीसेक बाइटची एक खूण धरली तर एका पानावर पाचशे वाटा सहज मावतात. पहिल्या पानावरून पाचशे पाने, त्यांवरून अडीच लाख पाने, आणि त्या अडीच लाख पानांवर साडेबारा कोटी नोंदींच्या खुणा: म्हणजे तीन पानांच्या वाचनात पाच कोटींतली कोणतीही नोंद सापडते. शिवाय वरच्या दोन थरांची मिळून ५०१ पाने, जेमतेम ८ एमबी, कायम मेमरीत राहतात, त्यामुळे इंडेक्ससाठी डिस्कपर्यंत जाण्याची वेळ एकदाच येते. नोंदी वाढून सहा हजार कोटी झाल्या तरी एकच थर वाढतो.

मात्र इंडेक्स लावला म्हणजे काम झाले असे नाही. तो कोणत्या रकान्यांवर आणि कोणत्या क्रमाने लावला आहे, यावर सारे अवलंबून असते. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत नावे आधी आडनावाने आणि मग नावाने लावलेली असत, त्यामुळे ‘कुलकर्णी सुहास’ चटकन सापडत, पण शहरातले सगळे सुहास शोधायचे तर डिरेक्टरी पहिल्या पानापासून वाचण्याला पर्याय नसे. परिसर, बेडरूम आणि भाडे या क्रमाने लावलेला इंडेक्सही असाच वागतो. कोथरूड आणि दोन बेडरूम या दोन नेमक्या अटींनी तो थेट एका छोट्या पट्ट्यावर पोहोचतो आणि त्या पट्ट्यात पंचवीस हजारांपर्यंतची घरे सलग मिळतात. हाच इंडेक्स भाडे आधी ठेवून बांधला, तर देशभरातली पंचवीस हजारांपर्यंतची घरे समोर येतात आणि त्यांतून कोथरूड वेचत बसावे लागते.

आता ‘ताज्या आधी’ या मागणीकडे वळू, कारण खरा पेच तिथे आहे. वरच्या इंडेक्समधून घरे भाड्याच्या क्रमाने निघतात, त्यामुळे जुळलेली सगळी घरे गोळा करून तारखेप्रमाणे लावावी लागतात आणि मगच त्यांतली पहिली वीस देता येतात. भाड्याऐवजी तिसऱ्या जागी तारीख ठेवली, तर सर्वांत नव्या जाहिरातीपासून मागे चालत, भाडे तपासत, वीस भरली की थांबता येते. बहुतेक घरे अटीत बसत असतील तर हा मार्ग फार वेगवान ठरतो. पण कोणी कोरेगाव पार्कात आठ हजारांत दोन बेडरूम मागितल्या, तर हा इंडेक्स बिचारा आशेने शेवटच्या जाहिरातीपर्यंत चालत जातो. दोन्ही मागण्या एकाच इंडेक्सने पूर्णपणे भागत नाहीत. लोक प्रत्यक्षात काय विचारतात ते पाहूनच निवड करावी लागते, आणि म्हणूनच हिंजवडीच्या ऑफिसांत क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, अडली की अनुभवी माणूस आधी ‘प्लॅन दाखव’ म्हणतो. क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ लिहिले की डेटाबेस आपला बेत सांगतो: मायएसक्यूएलमध्ये प्रकाराच्या रकान्यात ‘ऑल’ आणि शेजारी पाच कोटींचा आकडा दिसला तर आख्खा तक्ता चाळला जाणार आहे, आणि इंडेक्सचे नाव व काहीशेचा आकडा दिसला तर चिंता नाही.

कधी इंडेक्स हाताशी असूनही वापरला जात नाही. तारखेच्या रकान्यातून आधी वर्ष काढून मग तुलना केली, तर इंडेक्समधला तारखांचा क्रम सामान्यतः कामी येत नाही. त्याऐवजी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असा पट्टा दिला की तोच इंडेक्स चालतो. ‘रोड’ने संपणारे पत्ते मागितले तरी हेच होते, कारण क्रम पहिल्या अक्षरापासून लागलेला असतो. पाचहजाराव्या पानावरचे निकाल मागणे हेही महागडे काम आहे, कारण डेटाबेसला आधीच्या एक लाख नोंदी मोजून टाकून द्याव्या लागतात. त्यापेक्षा शेवटी दाखवलेल्या जाहिरातीची तारीख आणि क्रमांक लक्षात ठेवून ‘याच्या मागच्या वीस’ असे विचारावे.

इंडेक्सची किंमत लिहिताना मोजावी लागते. तक्त्यावर आठ इंडेक्स असतील तर प्रत्येक नवी जाहिरात नऊ ठिकाणी नोंदवली जाते. न वापरलेले इंडेक्स शोधून काढून टाकणे हे काम कंटाळवाणे असले तरी करण्यासारखे आहे.

तक्ता एका यंत्रात मावेनासा झाला की तो अनेक यंत्रांवर वाटतात. वाटणी शहरानुसार असेल तर पुण्याचा प्रश्न एकाच यंत्राकडे जातो. जाहिरात-क्रमांकानुसार असेल तर प्रत्येक प्रश्न सगळ्यांना विचारावा लागतो आणि सर्वांत संथ उत्तरासाठी थांबावे लागते. प्रत्येक यंत्र शंभरांत एकदाच रेंगाळत असेल, तरी शंभर यंत्रांना एकदम विचारल्यावर त्यांतले निदान एक रेंगाळण्याची शक्यता ६३ टक्के असते.

जाहिरातीच्या मजकुरात शब्द शोधायचा असेल तर वेगळी रचना लागते. तिला उलटा इंडेक्स म्हणतात: प्रत्येक शब्दापुढे तो ज्या जाहिरातींत आला त्यांच्या क्रमांकांची यादी. ‘गॅलरी’ आणि ‘पार्किंग’ दोन्ही हवे असतील तर छोटी यादी आधी घेऊन ती मोठीशी ताडून पाहतात. मोफत मिळणारे ल्युसीन हे शोधाचे सॉफ्टवेअर याच रचनेवर उभे आहे.

मराठी मजकुरात खरी कसोटी यादी ताडण्याच्या आधी लागते, कारण शब्द ‘तोच’ आहे हे यंत्राला कळावे लागते. ‘ॲटॅच्ड बाथरूम’मधला पहिला ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरांना क्रमांक देण्याच्या जागतिक पद्धतीत, एकाच अक्षराचा लिहिता येतो, किंवा ‘अ’वर चंद्र देऊनही, पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण साठवलेले बाइट वेगळे असतात आणि युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियम त्यांना एक मानत नाहीत. ‘दुसऱ्या मजल्यावर’मधल्या ‘ऱ्या’चेही तसेच दोन घाट आहेत, त्यांपैकी एकात न दिसणारे जोडचिन्ह दडलेले असते. त्यात ‘कोथरूड’ आणि ‘कोथरुड’ असे ऱ्हस्व-दीर्घ, आणि ‘कोथरूडमध्ये’, ‘कोथरूडला’, ‘कोथरूडच्या’ अशी रूपे. प्रत्यय छाटणारे नियम लिहिता येतात, पण ‘घरात’चा ‘आत’ सोडवणारा नियम बेसावध असेल तर ‘वरात’चे ‘वर’ करून मोकळा होतो, आणि ‘वाड्यात’वरून ‘वाडा’ गाठायला नुसती छाटणी पुरतही नाही. म्हणून मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवून, शोधासाठी त्याची सारखी केलेली प्रत वेगळ्या रकान्यात ठेवतात, आणि वापरणाऱ्याने टाइप केलेल्या शब्दालाही नेमके तेच नियम लावतात. यांपैकी एक नियम जरी बदलला तरी पाचही कोटी जाहिरातींची प्रत नव्याने तयार करावी लागते. ती जुन्या इंडेक्सच्या शेजारी बांधतात, आणि पुरी झाली की शोध तिच्याकडे वळवून जुना इंडेक्स काढून टाकतात.