मराठीपण रक्तात नसतं

“संस्कार रक्तातच असतात,” हे इंदुरातल्या आम्हा मराठी घरांत कायम ऐकू येतं. ते खरं नाही. रक्तातून रंगरूप येतं. संस्कृती माणूस समाजात राहून शिकतो. एडवर्ड टायलर या मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ मध्येच हे मांडलं होतं.

माझी भाची इथेच वाढली. आईबाप दोघेही मराठी, पण पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर घातली तर ती बशी पुढे सरकवते: “मामा, शेव-जिरावन?” जिरावन म्हणजे इंदुरी पोह्यांवर भुरभुरतात तो मसाला.

आणि आपली उपासाची साबुदाणा खिचडी? साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, मिरची, बटाटा, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. मराठी आहे ती भिजवायची, परतायची रीत, आणि एकादशीला हे चालतं हा समज. तो आजीने आईला शिकवला, आईने मला. भाचीशीही घरात मराठीतच बोलायला हवं; आपोआप येणार नाही ती भाषा.