इंग्रजीत मातीला घाण म्हणतात का?

‘इंग्रजीत मातीला डर्ट, म्हणजे घाण म्हणतात, आपण काळी आई म्हणतो.’ बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो. काळ्या आईवरची माया खरीच, इंग्रजीबद्दलचा निष्कर्ष तेवढा चुकतो.

डर्ट हा शब्द जुन्या नॉर्स या उत्तर युरोपातल्या भाषेतल्या ‘द्रित’वरून आला. त्याचा मूळ अर्थ विष्ठा. पुढे तो चिखल, मळ आणि मग सुटी माती असा पसरत गेला. ‘डर्ट रोड’ म्हणजे घाणेरडा रस्ता नव्हे, आपला मातीचा कच्चा रस्ता. शेतीच्या मातीला मात्र ‘सॉइल’ किंवा ‘अर्थ’ म्हणतात, आणि पृथ्वीचं नावही ‘अर्थ’च.

‘पण सॉइल म्हणजे मळवणंसुद्धा!’ असं कुणी म्हणेल. चांगला शब्दकोश उघडा: जमिनीचा सॉइल आणि मळवण्याचा सॉइल यांच्या नोंदी वेगवेगळ्या दिसतील. उच्चार एक, मुळं निराळी.

आणि आपली मराठी? पावसानं भात आडवं झालं की ‘पिकाची माती झाली’ म्हणतो. कुणी काम बिघडवलं की ‘माती खाल्लीस!’ आणि हे बोलणारी माणसंच पेरणीच्या दिवशी बांधावर वाकून तिची चिमूट कपाळाला लावतात.