एट्सीमधली फाइल कोणाची? कॉन्फिगरेशन बदलण्याच्या पद्धतींची पार्श्वभूमी

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवर अपग्रेड चालू असताना टर्मिनल मध्येच थांबतं आणि विचारतं: ही फाइल तुम्ही बदललेली दिसते, पॅकेजबरोबर नवी आवृत्तीही आली आहे, काय करू? नवी घ्यायची, जुनी ठेवायची, फरक पाहायचा की शेल (कमांड लिहिण्याची जागा) उघडून स्वतः निस्तरायचं, असे पर्याय समोर येतात. बहुतेक जण काही न वाचता एंटर दाबतात आणि जुनी फाइल जागेवर राहते, कारण डीफॉल्ट तेच आहे. कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या सेटिंगची फाइल (लिनक्सवर ती सहसा एट्सी या डिरेक्टरीत असते), सुरक्षितपणे बदलणं हा वरवर पाहता एडिटरचा विषय. त्यातल्या मोठ्या वादांचं मूळ मात्र या प्रश्नात आहे: फाइल मशीन चालवणाऱ्याची की ती पाठवणाऱ्याची?

सुरुवातीच्या युनिक्समध्ये हा प्रश्न उद्भवतच नव्हता. फाइल ज्याने उघडली त्याची. अडचण आली ती एकाच वेळी दोघांनी हात घातला तेव्हा. अ‍ॅडमिनने पासवर्ड फाइल एडिटरमध्ये उघडून ठेवायची, तेवढ्यात कोणीतरी स्वतःचा पासवर्ड बदलायचा आणि अ‍ॅडमिनने आपली जुनी प्रत सेव्ह केली की तो बदल गायब. त्यावर उपाय म्हणून 4.0 बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीमध्ये व्हीआयपीडब्ल्यू ही कमांड आली. आधी लॉक लावायचा, तात्पुरत्या प्रतीवर काम करू द्यायचं, तपासायचं आणि मगच अदलाबदल करायची, ही तिची पद्धत. रूटची, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याची, ओळ बिघडलेली दिसली तर ती फाइल जागेवर बसवायलाच ती नकार देई. पुढच्या जवळपास सगळ्या सुरक्षित एडिटिंगचा साचा इथे तयार झाला.

व्हिसुडोने त्याच साच्यात व्याकरणाची तपासणी घातली. रूटचे हक्क वापरू देणाऱ्या सुडो कमांडचे नियम सुडोअर्स फाइलमध्ये असतात. तिच्यात चूक करून बाहेर पडायला गेलात की व्हिसुडो ओळ क्रमांक दाखवून 'आता काय?' असं विचारते. ई दाबलं की परत एडिटर, एक्स दाबलं की बदल टाकून बाहेर, आणि चुकीसकट सेव्ह करायचं असेल तर कॅपिटल क्यू. हे अक्षर मुद्दाम कॅपिटल ठेवलेलं आहे आणि समोर 'धोका' असंही छापलेलं असतं. ही काळजी उगाच नव्हती. सुडोअर्समध्ये एक चूक सापडली की जुना सुडो चालायलाच नकार देई, आणि रूटचा पासवर्डच नसलेल्या मशीनवर मग रिकव्हरी मोडची वाट धरावी लागे.

डॉस-विंडोजची वाट वेगळी होती. बूट होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग डॉट सिस फाइलमध्ये गडबड झाली की मशीन सुरूच व्हायचं नाही. 1993 च्या एमएस-डॉस 6 मध्ये एफ 5 ने सगळं वगळून आणि एफ 8 ने एकेक ओळ विचारत बूट करण्याची सोय झाली, तेव्हा लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. विंडोजच्या आयएनआय या सेटिंग फायलींचं दुखणं निराळं. जो तो प्रोग्रॅम विन डॉट आयएनआयमध्ये आपल्या चार ओळी घुसडायचा आणि फाइलला 64 केबीची मर्यादा होती. 1993 मध्ये एनटीबरोबर आणि मग विंडोज 95 बरोबर रजिस्ट्री, म्हणजे सेटिंगचा एकत्र साठा, आली ती या गोंधळावरचा उतारा म्हणून. रजिस्ट्रीला शिव्या घालायची फॅशन आहे, पण किल्लीगणिक परवानग्या आणि दुसऱ्या मशीनवरून बदल करण्याची सोय या गोष्टी तिने साध्या मजकुराच्या फायलींच्या फार आधी दिल्या. गमावल्या त्या दोन: कॉमेंट लिहायची जागा, आणि जुनं-नवं शेजारी ठेवून सहज फरक पाहण्याची सोय. रजिस्ट्री बदलण्याच्या रेजएडिटमध्ये 'सेव्ह' नावाचं बटणच नाही. ओके दाबलं की बदल झाला, आणि अनडूही नाही. म्हणूनच तिथे प्रत्येक सल्ल्याची सुरुवात 'आधी एक्स्पोर्ट करा' अशी होते. विंडोज 98 निदान स्वतःहून पाच जुन्या प्रती ठेवायचं. विंडोज 10 ने 2018 मध्ये, 1803 आवृत्तीपासून, रजिस्ट्रीचा आपोआप होणारा बॅकअप डीफॉल्टने बंदच केला.

युनिक्सकडे परत येऊ. एडिटर 'सेव्ह' करतो म्हणजे नेमकं काय करतो, याकडे बरीच वर्षं कोणी लक्ष दिलं नव्हतं. एक पद्धत म्हणजे आहे ती फाइल रिकामी करून तिच्यातच नवा मजकूर लिहिणं. मध्येच वीज गेली तर अर्धीच फाइल उरते. दुसरी म्हणजे शेजारी नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देणं. ही सुरक्षित मानली जाते, पण सिम्लिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) तोडते. मजकूर बदलणाऱ्या सेड कमांडच्या 'जागच्या जागी बदल' या पर्यायाने सिम्लिंकच्या जागी साधी फाइल येऊन बसते आणि मूळ फाइल तशीच राहते, हे अनेकांना उशिरा कळतं. 2009 मध्ये ईएक्सटी4 ही फाइलसिस्टिम नवी असताना क्रॅशनंतर डेस्कटॉपच्या सेटिंग फायली शून्य बाइटच्या सापडू लागल्या, तेव्हा कर्नलवाले (लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे) म्हणाले की अ‍ॅप्सनी एफसिंक करायला, म्हणजे मजकूर डिस्कवर उतरल्याची खात्री करायला हवी होती. अ‍ॅपवाल्यांचं म्हणणं, प्रत्येक सेव्हला एफसिंक परवडत नाही. शेवटी कर्नलनेच पडती बाजू घेतली आणि आवृत्ती 2.6.30 मध्ये ही परिस्थिती ओळखून सांभाळून घ्यायला सुरुवात केली.

अख्खा एडिटर रूट म्हणून चालवण्याची सवयही अडचणीची ठरली होती. व्हीआय या एडिटरमधून शेलमध्ये उतरता येतं, म्हणजे एका फाइलपुरती दिलेली परवानगी अख्ख्या मशीनची होते. ग्राफिकल एडिटर सुडोने उघडला की होम डिरेक्टरीत रूटच्या मालकीच्या फायली पडून राहतात आणि पुढच्या वेळी लॉगिनच अडतं. 2004 मध्ये आलेला सुडोएडिट यावरचा नेटका तोडगा होता: फाइलची तात्पुरती प्रत काढायची, एडिटर तुमच्या स्वतःच्या हक्काने चालवायचा आणि बंद झाल्यावर प्रत जागेवर न्यायची. मात्र जानेवारी 2023 मध्ये त्यातही भोक सापडलं. एडिटरचं नाव सांगणाऱ्या व्हेरिएबलमध्ये दोन डॅश घालून पुढे भलत्याच फाइलचा पत्ता दिला की तीही उघडता येत होती. सुधारित आवृत्ती लगेच आली.

आता मूळ वादाकडे. डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम डीपीकेजी तीन गोष्टींची तुलना करतो: मागच्या वेळी पॅकेजने दिलेली फाइल, सध्या मशीनवर असलेली, आणि आता आलेली. फक्त तुम्ही बदल केला असेल तर तुमची राहते. फक्त पॅकेजकर्त्याने केला असेल तर गुपचूप नवी बसते. दोघांनी केला असेल तरच तो प्रश्न येतो. दुसऱ्या काही लिनक्स प्रणालींवर हेच काम करणारा आरपीएम विचारत बसत नाही. पॅकेजकर्त्याने फाइलवर काय खूण केली आहे ते पाहून, एक तर नवी आवृत्ती आरपीएमन्यू म्हणून शेजारी ठेवतो, नाही तर तुमची आरपीएमसेव्ह करून बाजूला सारतो. आरपीएमच्या बाजूने बोलायचं तर शंभर सर्व्हरवर एंटर दाबायला माणूस बसवता येत नाही. पण या शेजारी ठेवलेल्या फायली नंतर कोण उघडून पाहतं?

यातून वाट काढण्यासाठी 'डॉट डी' डिरेक्टऱ्या आल्या: मूळ फाइलला हात लावू नका, आपले बदल वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवा. कल्पना उत्तम, पण प्रत्येक प्रोग्रॅमने ती आपापल्या पद्धतीने राबवली. सुडोअर्सच्या डिरेक्टरीतल्या फाइलच्या नावात टिंब असलं तर ती फाइल काहीही न सांगता वगळली जाते. ती डिरेक्टरी जोडणारी ओळ कित्येक वर्षं हॅशने सुरू व्हायची, त्यामुळे कॉमेंट समजून लोक ती पुसून टाकत. आवृत्ती 1.9.1 पासून तिथे अ‍ॅट चिन्ह चालू लागलं. सिस्टिमडीत (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी व्यवस्था) नंतर वाचलेली किंमत चालते, तर दुरून लॉगिनची सोय देणाऱ्या एसएसएच सर्व्हरमध्ये आधी वाचलेली. ओपनएसएसएच 8.2 मध्ये, 2020 साली, इन्क्लूडची, म्हणजे दुसऱ्या फायली जोडून घेण्याची, सोय आली आणि काही डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वितरणांनी) ती ओळ मुख्य फाइलच्या डोक्यावर ठेवली. त्यानंतर मुख्य फाइलमध्ये खाली पासवर्ड लॉगिन बंद केलं तरी ते चालूच राहतं, कारण क्लाउडवरच्या तयार सिस्टिम इमेजने डिरेक्टरीत टाकलेल्या फाइलने वरच ते चालू करून ठेवलेलं असतं. बंद केलेलं दार उघडं राहण्याचा हा प्रकार अजून नित्याचा आहे.

सिस्टिमडीने 2010 नंतर ही वाटणी टोकाला नेली. पुरवठादाराच्या फायली यूएसआर डिरेक्टरीत, एट्सीत फक्त तुमचे बदल. त्यासाठीची एडिट कमांड तात्पुरती फाइल उघडते आणि त्यातून फक्त फरकाची फाइल तयार करते. (चालू करायची कमांड बदलायची असेल तर आधी ती ओळ रिकामी लिहावी लागते, नाही तर जुनीच्या जोडीला दुसरी उभी राहून सर्व्हिस अडते.) ओपनसुसे या डिस्ट्रोने याच दिशेने बरीच डीफॉल्ट्स यूएसआरच्या आतल्या एट्सीत हलवली. ओएसट्रीवर (अख्खी सिस्टिम एकत्र अपग्रेड करणाऱ्या व्यवस्थेवर) चालणाऱ्या सिस्टिम प्रत्येक अपग्रेडला जुनी डीफॉल्ट, नवी डीफॉल्ट आणि तुमचे बदल जुळवून एट्सी तयार करतात. बदलाच्या बाजूचं म्हणणं सरळ आहे. एट्सी रिकामी केली की मशीन मूळ स्थितीत येतं, आणि जे काही एट्सीत आहे ते कोणी माणसाने विचारपूर्वक ठेवलेलं असतं.

विरोधकांची तक्रार तेवढीच खरी आहे, आणि ती पुरेशी ऐकली गेली नाही असं माझं मत. पूर्वी फाइल उघडली की सगळे पर्याय कॉमेंटमध्ये समजावलेले दिसत. आता तीन-चार जागा पालथ्या घालाव्या लागतात आणि एट्सीत ग्रेप मारून, म्हणजे मजकूर शोधून, काही सिद्ध होत नाही. शिवाय पुरवठादाराने डीफॉल्ट बदललं तर तुमच्या फाइलशी भांडणच होत नाही, त्यामुळे प्रश्नही विचारला जात नाही. मशीन एके दिवशी वेगळं वागू लागतं, एवढंच. डीपीकेजीचा तो कटकटीचा प्रश्न निदान काहीतरी बदललंय हे सांगत तरी होता.

या सगळ्यामुळे फाइल पाहण्याचा अर्थ बदलला. फाइल उघडून वाचणं पुरत नाही, परिणाम काय झाला ते प्रोग्रॅमलाच विचारावं लागतं. सिस्टिमडीच्या सिस्टिमसीटीएलची कॅट कमांड मूळ आणि जोड फायली एकाखाली एक दाखवते, सिस्टिमडी-डेल्टा कशावर काय चढवलंय ते सांगतो, एसएसएच सर्व्हरला (एसएसएचडी) कॅपिटल टी दिलं की अखेर लागू झालेल्या सगळ्या किमती बाहेर पडतात. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला रीस्टार्टआधी छोटं टी देऊन तपासणं तर अंगवळणीच पडलंय.

इतिहास जपण्याची सोय त्या मानाने शांतपणे आली. आरसीएस या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत फाइल चेक-इन करण्याची सवय 1980 च्या दशकातली. 2007 पासून एटकीपर अख्खी एट्सी गिट या तशाच नव्या प्रणालीत ठेवतो आणि पॅकेज बसवण्याच्या आधी व नंतर कमिट करतो. गिट फायलींच्या मालकीची आणि परवानग्यांची नीट नोंद ठेवत नाही, म्हणून एटकीपर ती वेगळी जपतो. शॅडो फाइलही (पासवर्डचे हॅश असलेली) त्या रेपोत असते, तेव्हा ती बाहेर पुश करण्याआधी दोनदा विचार केलेला बरा.

नेटवर्कच्या बाबतीत हेही कमी पडतं, कारण चूक कळेपर्यंत मशीनशी संपर्कच तुटलेला असतो. राउटरवाल्यांनी हे आधीच ओळखलं होतं. जुनॉस या राउटर प्रणालीत 'कमिट कन्फर्म्ड' दिलं आणि ठरलेल्या वेळात दुजोरा दिला नाही, तर जुनं कॉन्फिगरेशन परत येतं. मुदत डीफॉल्टने 10 मिनिटं. उबुंटूच्या नेटवर्क सेटिंग सांभाळणाऱ्या नेटप्लॅनमध्ये 'ट्राय' तेच करतं, 120 सेकंदांत. मात्र बाँड आणि ब्रिज या नेटवर्क जोडण्यांची खास पॅरामीटर्स त्याला परत फिरवता येत नाहीत. तिथे अजूनही कन्सोलजवळ कोणीतरी हजर असावं लागतं.