घर वाचवण्याचा अर्ज: कोविडकाळात अमेरिकेतल्या भाडेकरूंना आणि कर्जदारांना संरक्षण कसं मिळायचं

‘साथ आहे तोवर कुणालाही घराबाहेर काढता येणार नाही’ हे वाक्य २०२० मध्ये अमेरिकेत फार लोकांनी ऐकलं. ते अर्धंच खरं होतं. हे संरक्षण बहुतेकांना आपोआप लागू होत नव्हतं, ते लेखी मागावं लागे. आणि भाडं किंवा हप्ता माफ झालेला नव्हता, तो फक्त साचत होता. या योजना आता जवळपास सगळ्या बंद झाल्या आहेत. तरीही त्यांची रचना समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण घर गमावण्याची वेळ आली की कोणता कागद आधी काढायचा हे त्यातून कळतं.

सुरुवात २७ मार्च २०२० च्या केअर्स कायद्याने, म्हणजे कोविडकाळातल्या आर्थिक मदतीच्या कायद्याने, झाली. ज्या इमारतीवर संघीय सरकारच्या पाठबळाचं कर्ज होतं किंवा जी संघीय गृहयोजनेत होती, तिथल्या भाडेकरूवर भाडं थकलं म्हणून १२० दिवस नवा खटला भरता येत नव्हता. बाकीच्या भाडेकरूंसाठी त्या कायद्यात काही नव्हतं. ही उणीव ४ सप्टेंबर २०२० पासून सीडीसीच्या, म्हणजे रोग नियंत्रण केंद्राच्या, आदेशाने बऱ्याच अंशी भरून निघाली. घर गेलेलं कुटुंब नातेवाइकांकडे दाटीवाटीने राहतं किंवा निवाऱ्यात जातं आणि संसर्ग वाढतो, असं त्यामागचं कारण होतं. म्हणून घरभाड्याच्या प्रश्नात आरोग्य खातं उतरलं.

या आदेशाचा लाभ घ्यायचा तर एक प्रतिज्ञापत्र भरून घरमालकाच्या हातात द्यावं लागे. सरकारी कार्यालयात अर्ज करून काम होत नव्हतं. अनेकांची गल्लत नेमकी इथेच होई. करारावर नाव असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने वेगळं प्रतिज्ञापत्र द्यावं, अशी अपेक्षा होती. त्यात पाच गोष्टी शपथेवर सांगायच्या होत्या: सरकारी मदत मिळवण्याचा शक्य तितका प्रयत्न केला आहे, उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत आहे, काम गेल्यामुळे, कामाचे तास घटल्यामुळे, उत्पन्नात मोठी घट झाल्यामुळे किंवा औषधोपचाराच्या असाधारण खर्चामुळे पूर्ण भाडं देता येत नाही, जमेल तेवढं भाडं वेळेवर देण्याचा प्रयत्न चालू आहे, आणि घर गेलं तर बेघर व्हावं लागेल किंवा दुसऱ्यांच्या घरात दाटीने राहावं लागेल. उत्पन्नाची मर्यादा एकट्यासाठी वर्षाला ९९,००० डॉलर आणि एकत्रित विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्यासाठी १,९८,००० डॉलर होती. सरकारचा प्रोत्साहन धनादेश, म्हणजे कोविडकाळात नागरिकांना थेट दिलेली रक्कम, मिळालेले लोकही या अटीत बसत.

शपथेवर खोटं सांगणं हा गुन्हा होता, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचणं आवश्यक होतं. घरमालकाला प्रत देताना आपल्याकडे दुसरी प्रत आणि दिल्याचा पुरावा, निदान तारीख असलेला ईमेल, ठेवणंही तितकंच गरजेचं होतं. मालमत्तेचं नुकसान किंवा गुन्हेगारी कृत्य अशा इतर कारणांसाठी घर खाली करायला लावता येत होतं. केअर्स कायद्यासारखी खटला दाखल होण्यावर बंदी या आदेशात नव्हती. थांबत होतं ते प्रत्यक्ष बाहेर काढणं. आदेशाची मुदत वाढत गेली आणि २६ ऑगस्ट २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो थांबवला. साचलेलं भाडं त्या दिवशीही भाडेकरूच्या डोक्यावर तसंच होतं.

ते फेडायला वेगळी योजना होती. आपत्कालीन भाडे साहाय्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये २५ अब्ज डॉलर आणि मार्च २०२१ मध्ये आणखी २१.५५ अब्ज डॉलर मंजूर झाले. पैसे राज्यं, काउंट्या (म्हणजे जिल्ह्यांसारखे प्रशासकीय भाग) आणि शहरांमार्फत वाटले जात, त्यामुळे प्रत्येक ठिकाणचा अर्ज निराळा होता. पात्रता साधारण अशी: उत्पन्न त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या (निम्म्या कुटुंबांचं उत्पन्न ज्याहून कमी असतं त्या रकमेच्या) ८० टक्क्यांपर्यंत, आर्थिक अडचण आणि घर जाण्याचा धोका. कागदपत्रांत ओळखपत्र, भाडेकरार, थकबाकीची नोटीस, पगाराच्या पावत्या किंवा बेकारी भत्त्याचं पत्र मागितलं जाई. रोखीने कमावणाऱ्याकडे पावत्या कुठून येणार? म्हणून अर्थखात्याने स्वयंघोषणा स्वीकारण्याची मुभा दिली. माझ्या मते पूर्ण योजनेतला हा सर्वांत माणुसकीचा नियम होता. जिथे कार्यालयांनी तो वापरला नाही, तिथे गरजू माणसंच कागदाअभावी मागे पडत.

स्वतःच्या घराचं कर्ज फेडणाऱ्यांची वाट सोपी होती. कर्ज फॅनी मे, फ्रेडी मॅक (गृहकर्जं विकत घेणाऱ्या सरकारी पाठबळाच्या कंपन्या), एफएचए, व्हीए किंवा यूएसडीएशी (गृहकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी यंत्रणा) जोडलेलं असेल, तर हप्ता गोळा करणाऱ्या कंपनीला ‘कोविडमुळे आर्थिक अडचण आहे’ एवढं कळवायचं. पुरावा लागत नव्हता. १८० दिवस हप्ते थांबत आणि मागितल्यास आणखी १८० दिवस मिळत. इथेही मागणं महत्त्वाचं: न सांगता हप्ता बुडवला तर ती निव्वळ थकबाकी ठरे. मुदत संपताना साचलेली रक्कम एकदम भरायची की कर्जाच्या शेवटी न्यायची, हे कंपनीकडून लेखी घेणं शहाणपणाचं होतं. मार्च २०२१ मध्ये अशा स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठीच्या ‘घरमालक साहाय्य निधी’साठी सुमारे १० अब्ज डॉलर वेगळे ठेवले गेले. त्यातून थकलेले हप्ते, मालमत्ता कर आणि विम्याची रक्कमही देता येत होती.

योजना बंद असल्या तरी संघीय गृहनिर्माण खात्याने, म्हणजे हडने, मान्यता दिलेल्या संस्थांचे समुपदेशक आजही घर टिकवण्यासाठी मार्गदर्शन करतात आणि २११ वर फोन केला की स्थानिक मदतीची माहिती मिळते. न्यायालयाचं समन्स आलं तर उत्तराची मुदत त्यावरच पाहावी, कारण काही राज्यांत ती मोजक्या दिवसांची असते. उत्तर दिलं नाही किंवा तारखेला हजर राहिलं नाही, तर बाजू ऐकून न घेताच निकाल लागू शकतो. भाडं देता येत नसलं तरी त्या तारखेला जायचंच, आणि भाडं दिल्याच्या पावत्या, घरमालकाशी झालेला पत्रव्यवहार आणि साहाय्याच्या अर्जाची पोच सोबत न्यायची.