वास्तू मालकाची, फोटो कोणाचा?

खाजगी वास्तूच्या फोटोवरून आज जे वाद होतात, त्यांतला मूळ प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात आला तो चक्क कुत्र्यांच्या प्रदर्शनामुळे. आयोजकांनी तिथले फोटो काढण्याचे हक्क एका वृत्तसंस्थेला विकले होते. तरी दुसऱ्याच छायाचित्रकाराने आत जाऊन फोटो काढले आणि ते एका नियतकालिकात छापूनही आले. १९१६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की फोटो काढण्याचा हक्क ही मालमत्ताच नव्हे. आयोजकांना फार तर प्रवेश देतानाच फोटो न काढण्याची अट घालता आली असती, पण ती त्यांनी घातली नव्हती. पुढच्या वर्षी अपिलातही हाच निकाल टिकला. अट लागू होते ती आत येणाऱ्याला, बाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्याला नाही.

फ्रान्सने मात्र काही वर्षे उलटी वाट धरली. नॉर्मंडीतल्या पेगासस पुलाजवळचे 'कॅफे गोंद्रे' हे दोस्त राष्ट्रांच्या १९४४ च्या स्वारीत जर्मनांच्या ताब्यातून मुक्त झालेले फ्रान्समधले पहिले घर म्हणून ओळखले जाते. त्याचे पोस्टकार्ड विकणाऱ्या प्रकाशकाविरुद्ध मालकीणबाई न्यायालयात गेल्या. फोटो सार्वजनिक जागेवरून काढलेला होता, तरीही १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौल मालकाच्या बाजूने दिला: मालमत्तेच्या प्रतिमेतून पैसा कमावण्याचा हक्कही मालकाचाच. मग काय, ज्वालामुखीच्या डोंगराचे मालकसुद्धा जाहिरातीतल्या फोटोबद्दल भरपाई मागू लागले! अखेर ७ मे २००४ रोजी, रुआँ शहरातल्या एका जुन्या वाड्याच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने भूमिका बदलली. वाड्याचा फोटो एका बिल्डरने आपल्या माहितीपत्रकात वापरला होता. न्यायालय म्हणाले, प्रतिमेवर मालकाचा एकाधिकार नाही. फोटोमुळे त्याला असाधारण त्रास होत असेल तरच तो हरकत घेऊ शकतो.

अमेरिकेत सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो काढायला कॉपीराइट कायदा १९९० पासून स्पष्ट मुभा देतो. म्हणून तिथे मालकांनी ट्रेडमार्कचा दरवाजा ठोठावला. क्लीव्हलंडचे 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' हे आय. एम. पे यांनी रचलेले संग्रहालय १९९५ मध्ये उघडले. संस्थेने इमारतीचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवला, आणि सूर्यास्ताच्या वेळचे तिचे पोस्टर विकणाऱ्या चार्ल्स जेन्टील या छायाचित्रकाराला न्यायालयात खेचले. खालच्या न्यायालयाने पोस्टरच्या विक्रीला तात्पुरती मनाई केली. १९९८ मध्ये अपील न्यायालयाने ती उठवली. पोस्टर पाहणाऱ्याला त्यात एक प्रसिद्ध इमारत दिसते, मालाची खूण नाही, असा अपील न्यायालयाचा एकंदर युक्तिवाद होता. मला तो आजही या विषयातला सर्वांत समंजस वाटतो.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ वास्तूचा फोटो काढण्याला उल्लंघन मानत नाही. पण २०१७ मध्ये मुंबईच्या ताजमहाल पॅलेस हॉटेलची इमारत ट्रेडमार्क म्हणून नोंदली गेली. असा मान मिळवणारी ही देशातली पहिली इमारत. ट्रेडमार्क अडवतो तो मालावरचा व्यापारी वापर, त्यामुळे ताजसमोर अपोलो बंदरावर सेल्फी काढणाऱ्याचे काही बिघडत नाही. जपून राहायचे ते ताजचा घुमट मगवर छापून विकणाऱ्याने. मुंबईवरच्या छायाचित्रसंग्रहात ताजचे एक पान असेल, तर ते या दोहोंपैकी कुठे बसते, हे ट्रेडमार्कच्या नोंदणीने ठरत नाही. माझ्या मते तिथे क्लीव्हलंडचाच न्याय लावायला हवा.