दारू, यकृत आणि ॲंटिऑक्सिडंट : उंदरापासून रुग्णापर्यंत

पिणाऱ्याचं यकृत बिघडतं ते दारूमुळे नव्हे, तर जेवणाची आबाळ होते म्हणून, असं 1950च्या सुमारास बहुतेक शास्त्रज्ञ मानत. इन्सुलिनमुळे नावाजलेल्या चार्ल्स बेस्ट यांच्या गटाने 1949 मध्ये उंदरांवर दाखवलं होतं, की दारू द्या नाहीतर साखर, यकृत सारखंच बिघडतं आणि कोलीन हे अन्नातलं पोषकद्रव्य दिलं की ते टळतं.

खोट प्रयोगाच्या पद्धतीत होती. उंदराला दारूची चव आवडत नाही; पाण्यात मिसळली तर तो फार कमी पितो. चार्ल्स लीबर आणि लिओनोर डीकार्ली या संशोधकांनी 1960च्या दशकात सगळं खाद्यच पातळ केलं आणि दारू त्यातच मिसळली. 36 टक्के ऊर्जा दारूतून, प्रथिनं-जीवनसत्त्वं मात्र पुरेशी. तरीही यकृतात चरबी साचली. पुढे बबून माकडांत तर सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्यापर्यंत, मजल गेली. चांगलं खाल्लं की दारू बाधत नाही, हा समज तिथेच निकालात निघायला हवा होता. आजही तो घरोघरी ऐकू येतो.

कारणही लीबर यांच्याच कामातून उलगडत गेलं. रोज पिणाऱ्याच्या यकृतात सीवायपी2ई1 हे एन्झाइम वाढतं. दारू जाळताना ते मुक्त मूलकं, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार करतं, आणि ती निष्प्रभ करणारं शरीरातलं ॲंटिऑक्सिडंट, ग्लुटाथायोन, संपत जातं. 1960च्याच दशकात डी लुझिओ या संशोधकाने उंदरांना आधी ॲंटिऑक्सिडंट देऊन मग दारूचा एकच मोठा डोस दिला, तेव्हा चरबी कमी साचली. सगळी आशा इथून सुरू झाली. त्यातला ‘आधी’ हा शब्द मात्र मागे पडला. रुग्ण येतो तो वर्षानुवर्षं पिऊन, यकृताला सूज किंवा व्रण झाल्यावर.

लंडनमध्ये तीव्र अल्कोहोलिक हिपॅटायटिसच्या (दारूमुळे यकृताला आलेल्या सुजेच्या) 101 रुग्णांवर चाचणी झाली (2006). महिनाभरात स्टेरॉइड गटातले 30 टक्के दगावले, ॲंटिऑक्सिडंट-मिश्रण घेणाऱ्यांतले 46 टक्के. फ्रान्समध्ये 2011 साली स्टेरॉइडच्या जोडीला शिरेतून एन-ॲसिटिलसिस्टीन हे ग्लुटाथायोन भरून काढणारं औषध दिल्यावर महिन्याभरातले मृत्यू 24 वरून 8 टक्क्यांवर आले; सहा महिन्यांनी मात्र हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही.

गाजरातलं ॲंटिऑक्सिडंट असलेल्या बीटा-कॅरोटीनचा अनुभव तर उलटाच. दारूमुळे ते रक्तातून लवकर निघून जात नाही, आणि 1992 च्या प्रयोगात दारूसोबत ते दिलेल्या बबूनांच्या यकृताला जास्त इजा झाली. गाजर खाण्याबद्दल हे नाही. गोळीतल्या मात्रेबद्दल आहे.

हळदीचंही तसंच. भाजीतली चिमूट वेगळी आणि शोषण वाढावं म्हणून मिरीतलं पायपरिन घातलेली कॅप्सूल वेगळी. अशा कॅप्सूलनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिकेत 2022 मध्ये नोंदली गेली. पिणाऱ्या माणसाने ती सुरू केली आणि रक्ततपासणीत यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले, तर वाढ दारूची की कॅप्सूलची, हे डॉक्टरांना ओळखता येणं कठीण होतं. म्हणून तपासणीला जाताना दारूइतकीच कॅप्सूलचीही माहिती द्यावी, नाव आणि मात्रेसह.